मंडळ वाढवलं

माझे वडील कधीच दुकान बंद करत नाहीत. संध्याकाळी फळ्या लावतात, कुलूप ओढून बघतात, पुन्हा एकदा ओढून बघतात आणि घरी येऊन आईला सांगतात, "वाढवलं दुकान." परंड्याच्या बस स्टँडसमोर कासरे, दावी, सुतळी, गोणपाट असल्या मालाचं त्यांचं छोटं दुकान आहे. बंद हा शब्द त्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आलेला त्यांना खपत नाही. बंद म्हटलं की बंदच पडतं म्हणे. आमच्याकडं सगळेच तसं बोलतात. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. देवापुढं नारळही वाढवतात. पण वडिलांनी हे जरा जास्तच मनावर घेतलंय. गावात लाइट गेली तरी ते "लाइट गेली" म्हणणार नाहीत, "येईल आता" म्हणतील. लहानपणी मला याची गंमत वाटायची, पुढं राग यायला लागला. मला सरळ बोलायची सवय, आणि हा माझा मोठाच गुण आहे असा माझा समज होता.

त्या सरळ बोलण्याच्या जोरावर मी मंडळ काढलं. आमचं गाव परंड्यापासून सायकलीच्या टप्प्यात आहे. शाळेत असताना आम्ही मुली खो-खो खेळायचो आणि बरा खेळायचो. पण मुलगा दहावी झाला की क्रिकेटच्या टीममध्ये जायचा, आणि मुलगी दहावी झाली की तिचे बूट धाकट्या बहिणीच्या पायात जायचे. मी परंड्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा माझ्याबरोबर खेळलेल्या पोरी दारात बसून तांदूळ निवडताना दिसायच्या. त्यांतली एक तर अशी पळायची की पकडणारीला नुसती धूळ मिळायची. ती आता सूप घेऊन बसलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

मी घरोघर गेले. माझी रीत ठरलेली होती. घरात शिरायचं, चहा घ्यायचा, कप खाली ठेवला की मुद्द्यावर यायचं. "काकू, पोरीला संध्याकाळी तासभर मैदानावर पाठवा. मी स्वतः आणून सोडते." आपल्या घरचा चहा प्यालेल्या पोरीला तोंडावर नाही कसं म्हणणार? बापमाणसं म्हणायची, "बघू." मी म्हणायची, "बघू नका काका, आत्ताच सांगा." वैतागून का होईना, लोक हो म्हणाले. शाळेमागच्या मैदानावर आमचं मुलींचं खो-खो मंडळ उभं राहिलं. तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा जिंकलो त्या दिवशी वडिलांनी दुकान लवकर वाढवलं आणि तेरखेड्याच्या फटाक्यांची लांबलचक लड गावच्या वेशीत लावली. लड वाजून संपेपर्यंत कुणाला एक शब्द बोलता आला नाही. माझ्या आईला तेवढा वेळ फार आवडला असं ती नंतर म्हणाली.

आमच्यात एक मुलगी होती, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. ती नेहमी खांबाजवळच्या चौकात बसायची, म्हणून आम्ही तिला खांबाजवळची म्हणायचो. बोलायची अगदी कमी. मी मैदानभर ओरडत असायची आणि ही मान खाली घालून बसलेली. पण तिला खो मिळाला की ती उठलेली दिसायची नाही, समोरची बाद झालेली दिसायची. मैदानावरून घरी परतताना मी सगळ्यांच्या पुढं, ही सगळ्यांच्या शेवटी. एकदा मी चिडून विचारलं, "तू एवढी मागं का राहतेस?" ती म्हणाली, "म्होरं चाललं की मागली दिसत न्हाईत, ताई." मेंढरांमागं चालून लागलेली सवय असेल, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला.

मग माझं जर्मनीचं ठरलं. तिथं तीन वर्षं नर्सिंगचं शिक्षण, शिकता शिकताच काम. सोलापूरला क्लास लावून भाषा शिकले, परीक्षा दिली आणि विमानाचं तिकीट आलं. मंडळ कुणाकडं द्यायचं हा प्रश्न होता. मला ओरडणारी हवी होती. पण ओरडणाऱ्या दोघींची लग्नं ठरली होती. राहिली खांबाजवळची. शिट्टी मी तिच्या हातात दिली, आणि खरं सांगायचं तर नाइलाजानं दिली. निघायच्या दिवशी सगळ्या पोरी परंड्याच्या स्टँडवर आल्या होत्या. एक-दोघी रडत होत्या. कुणी न मागता मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसले. "तीन वर्षं कशीतरी धरून ठेवा. शिक्षण संपलं की मी परत येते. पुढं आयुष्यभर मी आणि हे मैदान!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. खांबाजवळचीनं वाजवल्या का, ते आता आठवत नाही. कुर्डुवाडीची बस लागली आणि मी तो शब्द मागं ठेवून चढले.

जर्मनीतलं माझं गाव नदीकाठचं, स्वच्छ आणि गप्प होतं. सुरुवातीला तो गप्पपणा मला फार टोचला. म्हाताऱ्या माणसांच्या निवासात मी काम करायची आणि आठवड्यातले काही दिवस शाळा असायची. वर्गात नाना देशांची मुलं होती. काही महिन्यांतच त्यांनी मला वर्गाची प्रतिनिधी निवडलं, कारण शिक्षकांशी बोलताना मी एकटीच घाबरत नव्हते. मला वाटलं, झालं, इथंही आपलं मैदान तयार झालं.

आमच्या वर्गातली एक तिथलीच मुलगी अचानक यायची बंद झाली. प्रतिनिधी म्हणून मी काय करणार? गावात जे केलं असतं तेच केलं. रविवारी दुपारी शेंगदाण्याच्या चटणीची बाटली घेऊन थेट तिच्या दारात. बेल वाजवली. तिनं दार उघडलं ते अंघोळीच्या गाऊनमध्ये, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी आग लागल्याची बातमी घेऊन आलेय.

"काय झालं? कुणी गेलं का?" तिनं विचारलं.

"नाही. सहज आले."

हा सहज त्यांच्या भाषेत सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. बिनकामाचं आणि न सांगता कुणी कुणाच्या दारात उभं राहतं, हेच तिला पटेना. तरी मी दारातच मुद्द्यावर आले. वर्गात का येत नाहीस, उद्यापासून ये, मी स्वतः न्यायला येते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, शांतपणे "नको" म्हणाली आणि शांतपणे दार लावून घेतलं. चटणीची बाटली माझ्याच हातात राहिली. असला सरळ नकार मी जन्मात ऐकला नव्हता. सरळ बोलण्याचा एवढा अभिमान बाळगणारी मी, त्या बंद दाराकडं बघत कितीतरी वेळ उभी होते.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. गुरुवारी चार वाजता ये, तेव्हा मला बोलता येईल. मी गेले. तिनं कॉफी केली होती, केक आणला होता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आली होती. मग ती बोलली. आमच्याच निवासात ती ज्यांची देखभाल करायची त्या लाडक्या आजी तिच्या डोळ्यांसमोर गेल्या होत्या आणि तेव्हापासून तिला त्या मजल्यावर पाऊल टाकवत नव्हतं. हे सांगायला तिनं तासभर घेतला. मी तासभर गप्प बसले, हा माझा विक्रमच. शेवटी मी तिला उद्या ये असं म्हटलंच नाही. तिनंच विचारलं, "मी परत आले, तर पहिले काही दिवस तू माझ्याबरोबर त्या मजल्यावर येशील?" पुढच्या आठवड्यात ती आली, आणि आली ती कायमची आली. आता ती माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. मला ती माणसं तेव्हापासून आवडायला लागली. त्यांचा होकार मिळायला उशीर लागतो, पण एकदा मिळाला की तो आणायला तुम्हाला जावं लागत नाही, आपल्या पायांनी चालत येतो. आमच्या गावात मी चहाचे कप रिकामे करून जे होकार गोळा केले होते त्यांची मला त्या केकसमोर जरा लाज वाटली.

तिकडं मंडळाचं काय चाललंय म्हणून मी सुरुवातीला दर रविवारी खांबाजवळचीला फोन करायची. फोन म्हणजे काय, सूचनाच. हिला उजव्या बाजूनं पळव, तिच्या वडिलांना भेटून ये, शाळेच्या सरांकडून मैदानाची चावी घे. पलीकडून एकच उत्तर यायचं, "व्हय ताई." त्या व्हयचा मला काही अंदाज लागायचा नाही. मग माझ्या पाळ्या वाढल्या, परीक्षा आल्या, फोन कमी होत गेले आणि थांबले. थांबले याचं मला आतून बरंही वाटलं, कारण तिकडं काही विस्कटलं असेल तर ते मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वडिलांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागं स्टँडवरची घोषणा, कंडक्टरची शिट्टी आणि वडील घाईत. "अगं, त्या पोरीनं मंडळ वाढवलं बरं का. बरं झालं. तू काळजी करू नको. जेवलीस का?"

मी पुन्हा ऐकलं. वाढवलं. वडिलांच्या तोंडून हा शब्द मी रोज संध्याकाळी ऐकत मोठी झाले होते, फळ्या लावून झाल्यावर, कुलूप दोनदा ओढून झाल्यावर. आणि वर ते "बरं झालं", "काळजी करू नको". माणूस गेल्यावर असं बोलतात. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. समोर मैत्रीण बटाट्याचं सॅलड खात होती. ती घाबरली. मी तिला सांगितलं की मी गावात जे उभं केलं होतं ते संपलं. तिनं विचारलं, वडील नक्की काय म्हणाले? मी शब्दाचा अर्थ सांगितला.

"म्हणजे मोठं केलं?"

"हो. पण आमच्याकडं बंद केलं तरी असंच म्हणतात. दुकान बंद केलं की वाढवलं, बांगडी फुटली की वाढवली."

तिनं काटा खाली ठेवला. "मग मोठं केलं म्हणायचं असेल तेव्हा काय म्हणता?"

"वाढवलं."

"आणि कुठलं ते कसं कळतं?"

"कळतं. माणूस बघून कळतं."

"तू माणूस कुठं बघितलास?" ती म्हणाली. "तू तर नुसता वडिलांचा आवाज ऐकलास. जिनं वाढवलं तिला विचार ना."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून बागेत गेले आणि खांबाजवळचीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मागं पोरींचा नुसता कालवा.

"मंडळ वाढवलं म्हणजे काय गं?" मी नेहमीसारखी ओरडलेच.

"वाढवलं म्हंजी वाढवलं की, ताई. वस्तीवर दुसरं मैदान केलंय. लांबच्या पोरींना गावात यायला जमत न्हवतं. आन गावातल्या सुना घेतल्यात."

"सुना?"

"व्हय. आपल्या पोरी लगीन करून जात्यात, तशा दुसऱ्या गावच्या आपल्याकडं येत्यात की. त्यातल्या कितीक जणी शाळंत खेळलेल्या हायत. एक तर जिल्ह्याला खेळलीया. आपून कुणी इचारलंच न्हवतं त्यांना."

मी बागेतल्या बाकावर बसले. लग्न ठरलं की एक पोरगी गेली, असा हिशोब मी इतकी वर्षं करत आले होते. दर उन्हाळ्यात दोन-तीन नावं मी मनातून खोडायची आणि हळहळायची. आमच्या गावात येणारी प्रत्येक सून ही कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या मैदानावरून उठून आलेली असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाच्या वरातींसमोर मी एवढी नाचले, पण एकाही नवरीला कधी विचारलं नाही की तू पळायचीस का.

"पण सासवा तयार कशा झाल्या?" मी विचारलं. "तू घरोघर गेलीस?"

"न्हाय. माझ्याच्यानं तसलं बोलणं हुतंय व्हय? सकाळी डेअरीला दूध घालून झालं की बाया मोकळ्या असत्यात, तवा खेळ ठिवला. आन एका सासूबाईंच्या हातात शिट्टी दिली. त्यांनी लई मजेत घेतली. आता त्याच बोलावून आणत्यात समद्यांना."

मी दिलेली शिट्टी तिनं सासूबाईंना दिली होती. मी हसले, आणि मनापासून हसले. पण हसता हसता कुठंतरी बारीकसं टोचलंही. मंडळ बंद पडलं असं वाटलं तेव्हा मी रडले, आणि ते माझ्याशिवाय दुप्पट झालं हे कळलं तेव्हाही अगदी निर्भेळ आनंद झाला नाही. माणसाचं मन मोठं विचित्र असतं, निदान माझं तरी.

त्याच वर्षाअखेरीला सुट्टी घेऊन गावी आले. येताना एक गोष्ट पोटात ठेवूनच विमानात बसले होते. निवासाच्या प्रमुख बाईंनी मला विचारलं होतं, शिक्षण झालं की आमच्याकडंच राहशील का? मला राहायचं होतं. तिथलं काम मला आवडायला लागलं होतं, मी त्यात चांगली होत चालले होते, आणि नव्यानं आलेल्या परदेशी मुलामुलींना हाताला धरून शिकवायचं काम त्या माझ्याकडं देणार होत्या. पण परंड्याच्या स्टँडवर मी शब्द देऊन बसले होते. शब्द मोडला तर त्या पोरींना तोंड कसं दाखवू, आणि पाळला तर मन कुठं ठेवू, याच विचारात मी गावात उतरले. वडिलांना सांगितलं नाही, आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले. डाव होता लेकी विरुद्ध सुना. सुनांनी साड्या घरी ठेवून ट्रॅक पँटवर नवऱ्यांचे शर्ट चढवले होते, ओढण्या कमरेला आवळलेल्या. मैदानाच्या कडेला सासवा पिशव्या अंथरून बसल्या होत्या आणि ज्यांनी आयुष्यात सुनेचं कौतुक केलं नसेल त्या "धर, धर तिला!" म्हणून ओरडत होत्या. शिट्टीवाल्या सासूबाई स्वतःच्या सुनेला फाउल देऊन वर तिच्याकडं डोळे वटारून बघत होत्या. मी माझ्या आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नाही. जर्मनीतले किल्ले पाहिले, नदीवरचे पूल पाहिले. पण हे वेगळंच होतं. एका सुनेनं माझ्या बुटांकडं बघत विचारलं, "तुमी कुणाच्या पाव्हण्या म्हणायच्या?" शेजारची पोरगी तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. सून ओशाळली, मीही.

खांबाजवळची मैदानाच्या मधोमध होती. अजूनही ओरडत नव्हती. कुणाच्या खांद्याला हात लावायची, कुणाला नुसती बोटानं जागा दाखवायची, आणि बाया तिचं ऐकत होत्या. उन्हानं रापलेली, ताठ, डोळे सगळीकडं. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत ती पाण्याची कळशी घेऊन माझ्याजवळ आली. मी ठरवून आले होते, तेच बोलले. त्यागाचा सूर लागला होता, कबूल करते.

"मला तिथं नोकरी देतायत. चांगली आहे. पण मी शब्द दिलाय तुम्हाला. पुढच्या वर्षी शिक्षण संपलं की मी येणार."

तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. तिनं कळशी खाली ठेवली.

"तुमाला यायचंय का, ताई?"

मी खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. ती थांबली. जर्मनीतली माझी मैत्रीण थांबते तशीच, घाई न करता.

"मग आमच्यासाठी म्हणून येऊ नका," ती म्हणाली. "सुट्टीला या, आमाला शिकवा काय नवीन असंल त्ये. पण तुमी कायमच्या आलात की समद्या तुमच्याकडं बघणार. मी बी बघणार. सवयच हाय तशी. मग मला परत खांबापाशी बसावं लागंल." तिनं मान वर केली. "आन मला आता बसायचं न्हाय."

पहिल्यांदा मला राग आला. मी काढलेलं मंडळ, मी तुडवलेले उंबरे, आणि ही मला नको म्हणते? राग फार टिकला नाही. तिच्याकडं बघितलं तर नेहमी मान खाली घालून बसणारी ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती. मला हे सांगायला तिला केवढी हिंमत करावी लागली असेल! मी ज्या पोरीला नाइलाजानं शिट्टी दिली होती, ती माझ्या तोंडावर सरळ बोलत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलत होती. मी तिला जवळ घेतलं. "नको बसूस," मी म्हणाले. तिनं डोळे पुसले, कळशी उचलली आणि पोरींना हातानं खूण केली.

दुसरा डाव सुरू झाला. सुनांपैकी एक धावत माझ्याकडं आली, कडेवरचं लेकरू माझ्या हातात कोंबलं, "धरा जरा," म्हणाली आणि जाऊन चौकात बसली. ती बसते न बसते तोच तिला खो मिळाला. ती सुटली. लेकरानं आई गेलेली पाहिली, माझं अनोळखी तोंड पाहिलं आणि गळा काढला. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं रडत होतं ते. पळणाऱ्या आईनं मागं वळूनही बघितलं नाही.

"शाबास!" मी ओरडले, आणि लेकराला घट्ट धरलं.